खरखर कोणाची, भुर्दंड कोणाला?

(एका व्याख्यानाची संहिता)

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना संदेशवहनाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे, हे तालुक्याबाहेर फारसे कोणी ध्यानात ठेवीत नाही. नाणेघाट चढून जुन्नरला येणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग शालेय पुस्तकात असतो. परंतु १९७०च्या दशकाच्या प्रारंभी, उपग्रहाद्वारे परदेशाशी दूरध्वनीसंपर्क साधणारे देशातील पहिले व्यापारी भू-केंद्र याच जुन्नर तालुक्यात, आर्वी येथे उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. पुढे खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली गेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ खोडदच्या परिसरात एकत्र आणि उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या भुजांवर. २००१ मध्ये ही दुर्बीण जगातील शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली. प्रत्येक तबकडीने टिपलेला संकेत जमिनीखालून नेलेल्या प्रकाशतंतूने खोडदच्या मध्यवर्ती इमारतीत येतो. म्हणजे ‘फायबर’ हा शब्द शहरी कुटुंबांच्या कानी पडण्यापूर्वी तो या भागातील शेतांच्या बांधाखालून गेलेला होता.

त्याच शेतातील घरात मात्र टेलिफोन आला तो तांब्याच्या तारेने. २००५ मध्ये भारत संचार निगमने याच तारेवरून ब्रॉडबँड देण्यास आरंभ केला. बोलण्यासाठी ओढलेल्या तारेवरून बोलण्याच्या कितीतरी वरच्या कंप्रतेचे, म्हणजे सुमारे २५ किलोहर्ट्झपासून एक-दोन मेगाहर्ट्झपर्यंतचे संकेत पाठवावयाचे, अशी ही युक्ती. युक्ती काटकसरीची होती आणि गरीब देशाला शोभणारी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिला दोन शत्रू होते: अंतर आणि विजेची खरखर.

एक्स्चेंजपासून जितके दूर जावे तितका संकेत क्षीण होत जातो. तीन किलोमीटरपर्यंत ठीक. पाचाच्या पुढे तो जेमतेम तग धरतो. खरखर मात्र अंतराने कमी होत नाही. ती जेथे उपजते तेथेच तारेत शिरते. विजेच्या खांबावरचा तडा गेलेला चिनीमातीचा इन्सुलेटर, सैल झालेला जंप, डीपीवरचा जळका फ्यूज, मोटारीच्या स्टार्टरमधील झिजलेले संपर्क, अशा ठिकाणी सूक्ष्म ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे एक छोटे रेडिओ प्रक्षेपकच होय. ती एका कंप्रतेवर थांबत नाही, विस्तीर्ण पट्टा व्यापून टाकते. मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झपासून थोडा बाजूला लावून खांबाखालून नेला, तर कोणत्या खांबाची कुरबूर आहे ते कानाला कळते. हाच पट्टा ब्रॉडबँडही वापरतो.

टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात त्या उगीच नव्हेत. दोहोंवर खरखर सारखी पडावी आणि ती परस्परांत वजा व्हावी, हा त्यामागील हेतू. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी गेले, एक तार गंजली, की हा तोल ढळतो आणि खरखर संकेतात मिसळते. मग मॉडेमवरील दिवा लुकलुकू लागतो, जोडणी तुटते आणि पुन्हा जुळेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे जातात. ती जुळते न जुळते तोच पुन्हा तुटते.

हे केव्हा घडते? शेतीपंपांना महाराष्ट्रात थ्री फेज वीज अहोरात्र मिळत नाही. कित्येक वर्षे ती पाळीने, दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास, अशी दिली गेली. पाळी सुरू झाली की कुकडी आणि घोड नद्यांच्या काठच्या मोटारी एकदम चालू होतात आणि झिजलेल्या वाहिन्यांवर भार चढतो. रात्री पाणी भरावयास जाणाऱ्याला बिबट्याचे भय, म्हणून घराला आणि गोठ्याला झटका यंत्राचे कुंपण. कुंपणाच्या तारेला गवताची काडी चिकटली की त्या यंत्राचा प्रत्येक ठोका जवळच्या टेलिफोन तारेत टकटकू लागतो. शेतकऱ्याने पाण्यासाठी मोटार चालवू नये आणि मुलाबाळांच्या रक्षणासाठी कुंपण घालू नये, असे कोण म्हणेल? २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर आली तेव्हा त्याच घरातील मुलीला मोटार चालू असताना वर्ग गमवावा लागत असेल, तर दोष तिच्या बापाच्या मोटारीचा नव्हे. दुरुस्त न केलेल्या खांबाचा आणि न बदललेल्या जॉइंटचा तो दोष आहे.

अर्थशास्त्रात अशा खर्चाला बाह्य खर्च म्हणतात. एकाच्या व्यवहाराचा बोजा त्या व्यवहारात नसलेल्या दुसऱ्यावर पडतो आणि कोणाच्याही हिशेबात तो दिसत नाही. इन्सुलेटर न बदलल्याने वीज कंपनीची बचत होते. ती बचत कंपनीच्या ताळेबंदात दिसते. तुटलेले वर्ग, न भरलेला अर्ज, नारायणगाव किंवा मंचरच्या बाजाराचा वेळेवर न कळलेला भाव यांची नोंद कोठेच होत नाही. शिवाय हा बोजा विषम आहे. एक्स्चेंजच्या शेजारचा दुकानदार बलवान संकेताच्या आधारे खरखर पचवितो. पाच किलोमीटरवरच्या वाडीतील ग्राहक तीच वर्गणी भरून तिच्याखाली दबून जातो.

कायदा नाही, असेही नाही. २००३ च्या वीज कायद्याचे १६० वे कलम असे सांगते, की वीज निर्माण करणाऱ्या, वाहून नेणाऱ्या, पुरविणाऱ्या वा वापरणाऱ्या प्रत्येकाने टेलिफोनच्या तारांवर विद्युत्‌प्रवर्तनाने किंवा अन्य मार्गाने अपाय होणार नाही अशी वाजवी खबरदारी घेतली पाहिजे. १९१० च्या जुन्या कायद्यातही अशी तरतूद होती. उच्च दाबाच्या वाहिन्या टाकण्यापूर्वी वीज व दूरसंचार यांचा मेळ घालणारी केंद्रीय समितीही आहे. पण या साऱ्या रचनेत वाद कल्पिला आहे तो वीज चालविणारा आणि तार खाते यांच्यात. ज्याच्या घरातला दिवा लुकलुकतो तो ग्राहक या कलमाच्या उंबरठ्याबाहेर उभा आहे. तो टेलिफोनच्या कचेरीत गेला तर ‘लाइटवाल्यांना सांगा’; वायरमनला सांगितले तर ‘दिवे लागताहेत ना?’

तार खात्याच्या वारसाने त्याच्या वतीने भांडावे, तर त्याचे हातपायच तोडलेले. २०२० च्या जानेवारीअखेर सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्ती घेऊन भारत संचार निगममधून बाहेर पडले. कोणता जॉइंट कोणत्या ओढ्याकाठी पुरला आहे हे ज्ञान नकाशापेक्षा लाइनमनच्या डोक्यात असते. ते त्यांच्याबरोबर गेले. सार्वजनिक उद्योग असा आतून पोकळ करावयाचा आणि मग तो अकार्यक्षम म्हणून हिणवावयाचा, ही रीत नवी नाही.

आता खोडदकडे पाहू. जी ठिणगी वाडीतील मॉडेमला छळते, तिचाच वरचा पट्टा दुर्बिणीलाही छळतो. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या क्षीण लहरींपुढे ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवरील एक सैल क्लॅम्प हा महापुरासारखा असतो. म्हणून तेथील अभियंते अशा वाहिन्यांचा माग काढतात, मोजमापे करतात, आणि उरलेली खरखर गणनयंत्राने गाळून टाकण्याच्या पद्धतीही त्यांनी विकसित केल्या आहेत. परिसरात उद्योग काढावयाचा तर दुर्बिणीला बाधा येणार नाही हे पाहिले जाते. नारायणगावमार्गे आखलेला पुणे–नाशिक रेल्वेमार्ग दुर्बिणीला बाधक ठरेल म्हणून तो बदलावा लागत असल्याचे केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितले. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या माथ्यावरील ठिणग्या लक्षात घेता शास्त्रज्ञांची काळजी अनाठायी म्हणता येणार नाही.

दुर्बीण हवीच. परंतु तिच्या शांततेची किंमत या दोन तालुक्यांनी उद्योग आणि रेल्वे गमावून मोजावयाची, आणि त्याच तालुक्यांतील घराच्या तारेवरील खरखर मात्र दैवाधीन मानावयाची, हा न्याय कोणता? खोडदचे अभियंते जो खांब दोषी म्हणून दाखवितात तो दुरुस्त झाल्यास शेजारच्या वाडीचाही टेलिफोन सुधारतो. अशा मोजमापांची व्याप्ती दोन्ही तालुक्यांतील ११ हजार व्होल्टच्या आणि लघुदाबाच्या वाहिन्यांपर्यंत वाढवावी, त्यांची यादी महावितरण, टेलिफोन खाते आणि ग्रामपंचायत यांच्यापुढे ठेवावी, दुरुस्तीला मुदत असावी. हा खर्च विज्ञानाच्या आणि दूरसंचाराच्या अंदाजपत्रकातून व्हावा, शेतकऱ्याच्या वीजबिलातून नव्हे. १६० व्या कलमाखाली तक्रार करण्याचा अधिकार ग्राहकाला मिळावयास हवा. त्यासाठी लहानशी दुरुस्ती पुरेल.

प्रकाशतंतू आला की हा प्रश्नच मिटेल, असे सांगितले जाते. काचेच्या तंतूला विजेची खरखर बाधत नाही, हे खरे. ग्रामपंचायतींपर्यंत तो नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ मध्ये तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. पण ग्रामपंचायतीची कचेरी आणि डोंगराच्या कुशीतली ठाकरवाडी यांच्यात जे अंतर असते, ते योजनेच्या आकडेवारीत येत नाही. तंतू त्या वाडीत पोहोचेपर्यंत तांब्याची तार सांभाळावी लागेल. आणि पोहोचल्यावरही त्याच्या टोकाचे यंत्र चालावयाचे ते त्याच सैल जंपाच्या खांबावरून येणाऱ्या विजेवर.