जिभेची पुनर्रचना : भीती सोडा, उशीर टाळा



शहापूर-मुरबाडच्या गावपाड्यांत तंबाखू-चुना आणि मिश्री घरोघरी आढळते. त्यातून कित्येकांच्या जिभेवर न भरणारा व्रण उठतो. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात, तेव्हा घरात एकच प्रश्न उभा राहतो : जीभ कापली तर माणूस मुका होईल ना? या भीतीपोटी महिने वाया जातात आणि रोग मानेच्या गाठींत उतरतो. म्हणून या विषयावर आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

कर्करोगाचा भाग काढल्यावर ती जागा शरीराच्याच दुसऱ्या भागातील त्वचा-मांसाने भरतात. रक्तपुरवठ्यासह घेतलेल्या या तुकड्यास फ्लॅप म्हणतात. छातीच्या स्नायूचा फ्लॅप अमेरिकेतील डॉ. एरियन यांनी १९७९ साली मांडला. त्याच्या रक्तवाहिन्या न तोडता तो मानेच्या त्वचेखालून तोंडात आणतात. मनगटाकडील हाताचा पातळ फ्लॅप १९८१ साली चिनी डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. तो सुटा करून त्याच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांना जोडतात. जिभेचा मोठा भाग गेल्यास मांडीचा जाड फ्लॅप उपयोगी पडतो. १९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात.

परंतु खरे तेच सांगितले पाहिजे. बसवलेला तुकडा चव घेत नाही आणि जिभेसारखा आपणहून हलतही नाही. तो जागा भरतो. हालचाल उरलेली जीभ करते. अर्धी जीभ उरली तर बहुधा समजेल असे बोलता येते, गिळता येते. सगळीच गेली तर दोन्ही फार अवघड होते. म्हणजे लवकर गेलो तर जीभ वाचते आणि वाणीही वाचते.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाकातील नळीने अन्न द्यावे लागते. पुढे वाचा-उपचार तज्ज्ञांनी दिलेला व्यायाम रोज करावा लागतो. घरच्यांनी रुग्णाचे वाक्य मध्येच पूर्ण करू नये, धीराने ऐकावे. तेही औषधच आहे.

आसनगावहून लोकल आहे, मुरबाडहून कल्याणपर्यंत एस.टी. आहे. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना तोंड उघडायला सांगा. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन जा. आणि स्वतः तंबाखूला हात लावू नका.