वेळ कुणाच्या खात्यातला?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून विषय दिला, 'नोकरी, घर आणि छंद : तारेवरची कसरत'. माझ्या आधी आपले डॉक्टर मित्र बोलले, त्यांचा विषय होता हृदयविकार. वकील मित्र मृत्युपत्राबद्दल बोलले. दोघांनाही घर आहे, मुलं आहेत, आणि डॉक्टर बासरी छान वाजवतात हे काल रात्री आपण सगळ्यांनी ऐकलंच. पण त्यांना कुणी तारेवर चढवलं नाही. असो. विषय मिळालाय तर बोलते, फक्त तारेवरून खाली उतरून.

आधी मी काय करते ते सांगते. 'ऑनलाइन मार्केटिंग' म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं मी साड्या विकते, आणि उरलेल्यांना वाटतं दुपारी तीन वाजता 'कर्ज हवंय का' म्हणून फोन करणारी ती मीच. मी जाहिराती लिहीत नाही आणि विकतही नाही. त्या ज्या यंत्रणेतून तुमच्यापर्यंत येतात, त्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर लिहिते. तुम्ही मोबाईलवर बातमी उघडता आणि मधल्या रिकाम्या चौकोनात कुकरची जाहिरात येते. तो चौकोन त्या क्षणी लिलावात निघालेला असतो. अनेक कंपन्यांची यंत्रं बोली लावतात, एक जिंकतं, आणि जाहिरात दिसते. हे सगळं साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात व्हावं लागतं. डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून थोडा जास्तच वेळ लागतो. इंटरनेटवरची पहिली पट्टीवजा जाहिरात झळकली ऑक्टोबर १९९४ मध्ये. आपण तेव्हा नववीत होतो आणि शाळेत एकही संगणक नव्हता. त्या पट्टीच्या व्यवसायावर आज माझं घर चालतं.

या नोकरीची गंमत म्हणजे तिचं पंचांग वेगळं असतं. दिवाळी आली की जाहिरातींचं बजेट उतू जातं. ती संपते न संपते तोच अमेरिकेतला नोव्हेंबरअखेरचा 'ब्लॅक फ्रायडे' उभा. त्या दिवसांत यंत्रणा बंद पडली तर एकेका मिनिटाचा हिशोब मागितला जातो, म्हणून आम्ही पाळीपाळीने रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो. शिवाय न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सातला असते. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि तीच मीटिंग आठला येते. म्हणजे तिकडे कुणीतरी घड्याळाचा काटा फिरवतं आणि इकडे पुण्यात आमची भाकरी गार होते.

आता छंद. मी मोडी वाचते.

हे ऐकून आपल्या मराठीच्या बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला इथून दिसतंय. बाई, ज्या विद्यार्थिनीचे तुम्ही ऱ्हस्व-दीर्घासाठी अर्धा अर्धा गुण कापलात, तिला शेवटी अशी लिपी सापडली जिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही! मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, बोरू शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. विरामचिन्हं नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी आपल्याकडे शाळेत शिकवत. नंतर ती गेली आणि दोन पिढ्यांत तिचे वाचक संपत आले. पुण्यात पेशवे दफ्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. माझ्यासारख्या संगणकवालीला आणखी एक कौतुक, की युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली स्वतःची जागा मिळाली.

२०१७ मध्ये मी शनिवारच्या वर्गाला जायला लागले. कारण फार थोर नव्हतं. सासरच्या माळ्यावरच्या ट्रंकेत कागदांचं एक गाठोडं होतं आणि त्यात काय आहे हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. माझ्यातल्या इंजिनिअरला न वाचता येणारी फाईल सहन होत नाही, एवढंच.

माझ्या सासऱ्यांचं, बाबांचं, प्राथमिक शिक्षण १९४० च्या दशकात झालेलं. चौथीपर्यंत त्यांना मोडी होती. सुरुवातीला ते माझ्या वर्गाची थट्टा करायचे, 'इंजिनिअर होऊन पुन्हा पाटी घेतलीस का?' २०२० साली त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द ओठांवर येत नाहीत. जे बाबा ताटावर बसून तासभर राजकारण बोलायचे, ते 'हं' आणि 'नाही' एवढ्यावर आले. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, त्यांच्याशी बोलत राहा, त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. आम्ही वर्तमानपत्र वाचून पाहिलं. ते पाच मिनिटांत तोंड फिरवायचे. सगळं नीट वाचलं जात असताना त्यांचं तिथे काय काम?

म्हणून मी ट्रंकेतले कागद काढले. मी चुकत चुकत मोठ्याने वाचायची, आणि चुकलं की बाबा डाव्या हाताने टेबलावर टकटक करायचे. १९११ चं एक गहाणखत होतं. मी वाचलं, 'तीनशे'. मला वाटलं रुपये तीनशे. टकटक. पुन्हा वाचलं, पुन्हा टकटक. मोडीत शब्द तुटत नाहीत, त्यामुळे 'तीनशेतें' ही अक्षरं मी 'तीनशे'वरच तोडत होते. बाबांनी तीन बोटं वर केली, मग खिडकीबाहेर, गावाच्या दिशेला हात केला. तीन शेतें. ती शेतं कुठली, हे घरात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ते खूप हसले. पक्षाघातानंतर पहिल्यांदाच.

तेव्हापासून साडेसात ते साडेआठ हा आमचा तास झाला. तासाला चार ओळी, कधी दोनच. दिवसभर मी सेकंदाच्या दहाव्या भागासाठी झगडते आणि संध्याकाळी एका ओळीवर पंधरा मिनिटं बसते. याने मन शांत होतं वगैरे मी म्हणणार नाही. कधी कधी भयंकर चिडचिड होते.

आणि मग तो तास नोकरीच्या आड आला. २०२१ मध्ये मला बढती देऊ केली गेली. अख्खी टीम सांभाळायची, पगार बराच जास्त, आणि आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी सातपासून अमेरिकेबरोबर मीटिंगा. मी विचारलं, सहाला घेता येतील का? तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ असतात, अगदीच अशक्य नव्हतं. उत्तर आलं, 'कौटुंबिक अडचण आम्ही समजू शकतो, पण ही भूमिका लवचिकता मागते.' लवचिकता कोणी दाखवायची हे त्यात लिहिलेलं नव्हतं. मी नाही म्हटलं आणि कोड लिहिणारी राहिले. जो मुलगा माझ्या हाताखाली शिकला, तो आज माझा साहेब आहे. चांगला आहे, मला 'ताई' म्हणतो. मला वाईट वाटतं का? वाटतं. पगारवाढीची पत्रं येतात त्या आठवड्यात हमखास वाटतं. लेकीच्या कॉलेजच्या फीचे आकडे समोर येतात तेव्हाही वाटतं. हा निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तोच घेईन, पण तो फुकटात पडला असं इथे सांगणं खोटं ठरेल. ज्यांना तो परवडणार नाही, त्यांनी तो घेऊ नये. घरावर मोठं कर्ज असतं तर मीही घेतला नसता.

आता तो प्रश्न, जो काल जेवताना मला सहा जणींनी विचारला : 'तुला हे सगळं जमतं कसं गं?'

आमच्या धंद्यात एक जुनं भांडण आहे. समजा, एका माणसाने सोमवारी मिक्सरची जाहिरात पाहिली, बुधवारी त्याबद्दल वाचलं, शुक्रवारी तिसऱ्याच जाहिरातीवर बोट ठेवलं आणि मिक्सर घेतला. विक्रीचं श्रेय कोणाला? सगळ्यात सोपा नियम म्हणजे शेवटच्या क्लिकला. मोजायला सोपा, म्हणून वर्षानुवर्षं चालला. पण तो अन्यायाचा आहे, कारण आधीच्या सगळ्यांचं काम शून्य धरलं जातं. श्रेय नीट वाटणारी यंत्रणा लिहिणं हेच गेली सहा वर्षं माझं काम आहे.

'तुला जमतं कसं' या प्रश्नात मी म्हणजे शेवटचा क्लिक आहे. साडेसातला मी मोडी घेऊन बसते, कारण साडेसहाला स्वयंपाकाच्या मावशी पोळ्या करून गेलेल्या असतात. त्या दिवसात पाच घरं करतात. त्यांना भजनाची आवड आहे आणि मंगळवारच्या भजनी मंडळात त्यांना कितीतरी महिने जाता येत नव्हतं, हे मला त्यांना विचारल्यावर कळलं. आता मंगळवारी आमच्याकडे खिचडी असते आणि ती माझा नवरा करतो. तो रविवारी पहाटे सायकल घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो. ते 'फिटनेस'. माझ्या मोडीला मात्र नातेवाईक 'हौस' म्हणतात. सासूबाई दिवसभर बाबांजवळ असतात, मी तासभर बसते आणि येणारे-जाणारे कौतुक माझं करतात. सासूबाईंनी एकदा मला सरळ विचारलं, 'तुझ्या त्या तासात मी टीव्हीवरची मालिका दार लावून बघितली तर चालेल ना?' चालेल काय! त्या तासाचा खरा मोठा लाभार्थी तीच होती, आणि ते माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं.

म्हणून 'वेळ काढला' हा शब्दप्रयोग मला खटकतो. विहिरीतून पाणी काढल्यासारखा वेळ कुठून निघत नाही. कुणाच्या तरी खात्यातून तो आपल्याकडे वळता होतो. ते खातं कुणाचं, हे घरात एकदा मोठ्याने बोललं गेलं की अर्धी धुसफूस थांबते. आमच्याकडे तरी थांबली. उरलेली अर्धी चालूच आहे. गेल्या दिवाळीत माझी रात्रपाळी आणि नवऱ्याची सायकलवारी एकाच आठवड्यात आली, तेव्हा लेकीने दोघांनाही वर्गात उभं केल्यासारखं उभं केलं.

लेकीचा दुसरा मुद्दाही सांगून टाकते, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती म्हणते, 'आई, तू लोकांना मोबाईलला चिकटवायचा पगार घेतेस आणि मला मोबाईल ठेव म्हणतेस.' मी तिला सांगते की मी चिकटवत नाही, मोजते. ती म्हणते, 'वा!'

ऑफिसातले काही जण म्हणतात, मोडीचं चॅनल काढ, हजारो लोक बघतील. नाही काढणार. किती जणांनी पाहिलं, किती सेकंद पाहिलं, कुठल्या क्षणी सोडून गेले, हे मोजणारे आकडे मी रोज बघते. ते आकडे एकदा समोर आले की माणूस त्यांच्यासाठी वाचायला लागतो. आमच्या त्या टेबलावर मोजायला एकच गोष्ट आहे, टकटक. ती हल्ली कमी झाली आहे. माझं वाचन सुधारलं म्हणून की बाबा थकले म्हणून, हे मी विचारत नाही. ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत.

शेवटी एक कामाचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी, गावाकडे, अशी गाठोडी असणार. कागद वाळवीला द्यायच्या आधी एकदा बघा. त्यांना चिकटपट्टी लावू नका आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, वरून सरळ फोटो काढा. कागदाच्या चारही कडा फोटोत येऊ द्या आणि मागची बाजूही घ्या. ज्यांनी आज कागद सोबत आणलेत, त्यांच्यासाठी मी जेवणानंतर आठवी 'ब'च्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसणार आहे. चहा मात्र टेबलापासून लांब ठेवा.