बांधावरची खुरटी चिंच

बांधावर शेळ्यांनी वर्षानुवर्षं खुडलेली चिंच आपण सगळ्यांनी पाहिलीय. उंची गुडघ्याएवढी, खोड मात्र मनगटाएवढं जाड. बोन्साय करणाऱ्यांना नेमकं असंच झाड हवं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, आजच उपटून द्या. आम्ही देत नाही. चिंचेचं सोटमूळ खोल जातं आणि पाणी ओढणारी बारीक मुळं खोडापासून लांब असतात. घाईनं उपटलं की ती जमिनीतच राहतात, नि झाड कुंडीत वाळतं.

म्हणून आम्ही झाड जागेवरच तयार करतो. पावसाळ्याच्या तोंडाला खोडापासून वीतभर अंतरावर, अर्ध्याच बाजूला चर खणायचा. मुळं धारदार कात्रीनं साफ कापायची, कुदळीनं ठेचायची नाहीत. चरात वाळू आणि कुजलेलं शेणखत भरायचं. तिथं तंतुमुळांची जाळी धरते. दुसरी बाजू पुढच्या पावसाळ्यात. सोटमूळ तिसऱ्या वर्षी, झाड मातीच्या गोळ्यासकट काढताना. तोवर काट्यांचं कुंपण हवंच, शेळ्यांना कोण सांगणार! कुंडीत लावल्यावर नवी पालवी धरेपर्यंत सावलीत ठेवायचं.

बांध दुसऱ्याचा असेल तर खणण्याआधी मालकाला विचारायचं. वनखात्याच्या जमिनीतल्या झाडाला मात्र आम्ही हात लावत नाही, गिऱ्हाईक कितीही पैसे देऊ दे.