प्रवेशाचे दुसरे दार



परीक्षेचा निकाल लागला की घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : गुण किती मिळाले? ज्याला ते भरपूर मिळाले त्याची वाट सरळ असते. ज्याला बेताचे मिळाले, त्याला मोठ्या विद्यापीठाचे दार कायमचे बंद झाले, असे घरचे आणि दारचे ठरवून मोकळे होतात. सतराव्या-अठराव्या वर्षी झालेला हा निवाडा अखेरचा मानावा काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हा विचार १९६० साली केला. क्लार्क केर हे त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्या वर्षी आखलेल्या उच्च शिक्षणाच्या बृहत् योजनेनुसार शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांमधून विद्यापीठाने, तर वरच्या एक-तृतीयांशातून राज्य महाविद्यालयांनी निवड करावी, असे ठरले. दोन वर्षांची स्थानिक महाविद्यालये मात्र सर्वांसाठी खुली राहिली. शिवाय तेथे दोन वर्षे नीट अभ्यास करणाऱ्यास विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश मागण्याची वाट ठेवण्यात आली. आज कम्युनिटी कॉलेज या नावाने ओळखली जाणारी अशी ११६ महाविद्यालये त्या राज्यात आहेत.

शाळेत जेमतेम गुण मिळालेला एखादा विद्यार्थी या वाटेने निघाला, असे समजू या. तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करताना त्याचे शाळेतील गुण हिशेबात घेतले जात नाहीत. महाविद्यालयातील दोन वर्षांचे काम पाहिले जाते. त्याने ६० सत्र-श्रेयांक पुरे केलेले असावे लागतात. इंग्रजी लेखन, गणित इत्यादी सात ठराविक अभ्यासक्रमांत किमान 'सी' श्रेणी लागते. चारपैकी किमान २.४ ही सरासरी राज्यातील रहिवाशाला पुरते. एखाद्या विषयात 'डी' किंवा 'एफ' श्रेणी पडली, तर तो विषय पुन्हा घेऊन ती सुधारता येते. अर्जासोबत चार छोट्या प्रश्नांची उत्तरे लिहावयाची असतात. आजारपण, नोकरी किंवा घरची जबाबदारी यांमुळे एखादे सत्र बिघडले असल्यास तसे अर्जात सांगता येते. सबबींची यादी देण्यापेक्षा, पुढील सत्रांत आपण काय केले हे दाखविणे अधिक उपयोगी पडते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. २.४ हा केवळ उंबरठा आहे. बर्कली व लॉस एंजेलिस येथे प्रवेश मिळविणाऱ्यांची सरासरी बहुधा ३.५ च्या बरीच वर असते. म्हणून सुज्ञ विद्यार्थी एकाच नावावर सारी भिस्त ठेवीत नाही. विद्यापीठाच्या नऊ पदवी-केंद्रांपैकी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ ही सहा केंद्रे, ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्यास प्रवेशाची आगाऊ हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो तशी हमी देत नाहीत.

या व्यवस्थेचे खरे बळ लेखी करारांत आहे. कोणत्या महाविद्यालयातील कोणता विषय विद्यापीठात कोणत्या विषयाच्या तोडीचा धरला जाईल, हे आधीच जाहीर केलेले असते. ते न पाहता विषय निवडणाऱ्याची दोन वर्षे वाया जाऊ शकतात. म्हणूनच पहिल्या सत्रातच सल्लागाराकडे जाणे हे अर्जाइतकेच महत्त्वाचे ठरते.

आपल्याकडेही दुसरे दार नाही असे नव्हे. महाराष्ट्रात दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका पुरी करणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मागता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक पेढीचे नियम केले. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खाती जमा राहावेत, हा त्यांचा हेतू आहे.

परंतु दार आहे एवढे पुरत नाही. ते कोठे आहे हे वेळेवर सांगणारा माणूस लागतो. निकालाच्या दिवशी मान खाली घालून बसलेल्या मुलामुलींना गावात प्रथम भेटतात ते शिक्षक आणि पंचायत सदस्य. पुढच्या वाटा कोणत्या, अटी काय आणि अर्जाची मुदत कोणती, हे शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच आठवड्यात लागले, तर बेताच्या गुणांची कित्येक मुले शिक्षण सोडण्यापूर्वी पुन्हा एकदा विचार करतील.