जिंकणाऱ्या प्रशिक्षकाचं काय करायचं?



राष्ट्रीय संघ हरला की प्रशिक्षकाचा राजीनामा मागायला कुणाला मुहूर्त बघावा लागत नाही. आज ज्या प्रशिक्षकाबद्दल मी बोलणार आहे, ते आपल्या ओळखीच्या खेळातले नव्हते. बर्फावरच्या हॉकीतले होते, सोव्हिएत संघाचे. नाव व्हिक्टर तिखोनोव्ह. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 1980 साली या गृहस्थांना काढलं नाही, ते बरं झालं. 1988 साली काढलं नाही, ते चुकलं. आणि यातली मेख अशी की 1980 साली त्यांचा संघ हरला होता, 1988 साली जिंकला होता.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू, पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चकती, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. वेग इतका की एक तुकडी जेमतेम मिनिटभर खेळते, कठडा ओलांडून बाकावर येते आणि ताजी तुकडी उतरते. खेळ थांबत नाही. त्यामुळे इथला प्रशिक्षक कडेला उभा राहून नुसता हातवारे करत नाही. आत्ता बर्फावर कोण, हे तो मिनिटामिनिटाला ठरवत असतो, आणि सगळ्या स्टेडियमदेखत ठरवतो.

सोव्हिएत संघात प्रशिक्षक बदलण्याची रीत अजब होती. अनातोली तारासोव्ह आणि अर्कादी चेर्निशोव्ह या जोडीने 1963 ते 1971 सलग नऊ वेळा विश्वविजेतेपद आणलं. 1972 च्या सप्पोरो ऑलिंपिकमध्ये पुन्हा सुवर्ण मिळवलं, आणि त्यानंतर दोघेही गेले! त्याच वसंतात प्रागला विश्वविजेतेपद चेकोस्लोव्हाकियाने नेलं. पुढे बोब्रोव्ह आले, मग कुलागिन आले. कुलागिन यांनी 1976 चं ऑलिंपिक जिंकलं, पण त्याच वर्षी विश्वस्पर्धेच्या पहिल्याच दिवशी पोलंडकडून 6-4 अशी हार पत्करली आणि पुढच्या वर्षी संघ तिसरा आला. तिसरा क्रमांक म्हणजे मॉस्कोत नाचक्कीच. तेव्हा रिगाहून तिखोनोव्ह यांना बोलावलं. खालच्या गटात धडपडणारा दिनामो रिगा त्यांनी वरच्या गटात आणून दाखवला होता. 1978 आणि 1979, दोन्ही विश्वस्पर्धा त्यांनी जिंकल्या.

आणि मग आलं अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडचं ऑलिंपिक. 22 फेब्रुवारी 1980. समोर अमेरिकेची कॉलेजातली पोरं. तेरा दिवस आधीच न्यूयॉर्कला सराव सामन्यात सोव्हिएत संघाने त्यांना 10-3 असं धुतलेलं. पहिल्या भागाची शेवटची काही सेकंदं उरली होती, सोव्हिएत संघ 2-1 ने पुढे. एका अमेरिकन खेळाडूने लांबूनच, काही होणार नाही अशा बेताने, चकती गोलाकडे मारली. गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक, त्या काळातला जगातला सर्वांत भरवशाचा माणूस. त्याने ती अडवली, पण चकती उसळून पुढे आली. बचाव करणारे दोघे खेळ संपल्यासारखे सैलावले होते. त्यांच्यामधून मार्क जॉन्सन घुसला आणि त्याने ती आत घातली. घड्याळात एक सेकंद शिल्लक. 2-2.

मधल्या सुट्टीत तिखोनोव्ह यांनी त्रेत्याकला बसवलं. त्याच्या जागी व्लादिमीर मिश्किन. पुढच्या वीस मिनिटांत मिश्किनकडे चकती आलीच दोनदा. सोव्हिएत संघ 3-2 ने पुढे गेला. तिसऱ्या भागात मात्र जॉन्सनने पुन्हा बरोबरी साधली, आणि बरोबर दहा मिनिटं उरली असताना कर्णधार माइक एरुझिओनीने चौथा गोल केला. शेवटच्या मिनिटात पिछाडीवरचा संघ गोलरक्षक काढून घेतो आणि त्याच्याऐवजी आक्रमणाला एक माणूस जादा उतरवतो. तिखोनोव्ह यांनी तेही केलं नाही. सामना 4-3. पुढच्या सामन्यात अमेरिकेने फिनलंडला हरवून सुवर्ण खिशात टाकलं.

खापर फोडायला याहून चांगलं डोकं कुठे मिळणार? जगातला सर्वोत्तम गोलरक्षक बाकावर बसवणारा माणूस! तिखोनोव्ह यांनी स्वतःही पुढे ही आपली सर्वांत मोठी चूक म्हणून कबूल केली. पण एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मिश्किन हा कुणी ऐरागैरा नव्हता. वर्षभरापूर्वी न्यूयॉर्कमध्ये उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या निवडक खेळाडूंशी निर्णायक सामना झाला. त्यात तिखोनोव्ह यांनी असंच त्रेत्याकऐवजी मिश्किनला उतरवलं होतं, आणि मिश्किनने एकही गोल होऊ दिला नाही. 6-0. तेव्हा तिखोनोव्ह धूर्त ठरले, लेक प्लॅसिडला मूर्ख ठरले. रीत तीच, माणूसही तोच. एका संध्याकाळच्या चुकीवरून प्रशिक्षकाची किंमत करायची म्हटली तर उद्या जगात एकही प्रशिक्षक शिल्लक राहणार नाही.

मॉस्कोने त्यांना ठेवलं. जुनी फळी हळूहळू बाजूला झाली, आणि ते काही मायेने झालं नाही. वालेरी खारलामोव्हसारख्या लाडक्या खेळाडूला 1981 च्या कॅनडा चषकाच्या संघातून वगळलं. संघ तिकडे असतानाच तो मॉस्कोबाहेर मोटार अपघातात गेला. नव्या फळीत फेतिसोव्ह आणि कासातोनोव्ह मागे, क्रुतोव्ह, लारियोनोव्ह आणि माकारोव्ह पुढे. या पाच जणांसारखी तुकडी बर्फावर क्वचितच उतरली असेल. एकाने चकती मागे न बघता सोडायची आणि दुसरा तिथे असायचाच. मॉन्ट्रियलमध्ये, कॅनडाच्या घरात, त्याच कॅनडा चषकाच्या अंतिम सामन्यात कॅनडाला त्यांनी 8-1 असं लोळवलं. 1984 च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये सातपैकी सात सामने जिंकले. लेक प्लॅसिडनंतर रागाच्या भरात तिखोनोव्ह यांना घरी पाठवलं असतं तर हे बघायला मिळालं नसतं, असं मला वाटतं.

आपल्या मैदानी हॉकीतही असा धडा आहे. 2018 च्या मे महिन्यात प्रशिक्षक शोर्ड मरिन यांना पुरुष संघावरून उचलून महिला संघाकडे धाडलं. त्यांच्या जागी आलेले हरेंद्रसिंग आठ महिन्यांत गेले. आणि मरिन यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला संघ चौथ्या क्रमांकापर्यंत नेला. असो.

आता दुसरी बाजू. तिखोनोव्ह एकाच वेळी राष्ट्रीय संघाचे आणि लष्कराच्या मॉस्कोतल्या क्लबचे प्रशिक्षक होते. लष्करी सेवा सक्तीची. त्यामुळे देशात कुठेही चांगला पोरगा दिसला की त्याला गणवेश चढवून आपल्या क्लबात आणता येई. फेतिसोव्ह, लारियोनोव्ह ही मंडळी कागदोपत्री लष्करी अधिकारी होती, म्हणजे हुकमाचे ताबेदार. मॉस्कोबाहेर आर्खांगेल्स्कोये इथल्या शिबिरात वर्षाचे दहा-अकरा महिने त्यांचा मुक्काम असे. दिवसातून दोन-तीनदा सराव. बायकोमुलं वीस-पंचवीस किलोमीटरवर, पण घरी जायचं तर परवानगी हवी. लग्न झालेले, तिशीतले, जगज्जेते पुरुष! बोर्डिंगातल्या मुलांनाही सुट्टीला घरी सोडतात हो.

त्रेत्याकने 1984 साली एवढंच मागितलं की मला घरी राहू द्या, सरावाला आणि सामन्यांना मी वेळेवर हजर होईन. नकार मिळाला. बत्तिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. गोलरक्षकासाठी हे काही जाण्याचं वय नव्हे. तीन वर्षांनी कॅनडा चषकाच्या अंतिम फेरीत कॅनडाशी तीन सामने झाले, तिन्ही 6-5 असे सुटले, आणि त्यातले दोन कॅनडाने घेतले. गोलात त्रेत्याक असता तर काय झालं असतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर या वेळी प्रशिक्षकाने गोलरक्षक गमावला तो रागाच्या एका क्षणात नाही, तर थंड डोक्याने. लेक प्लॅसिडची चूक माफ होण्यासारखी होती, ही नव्हती.

पण निकाल चांगले येत होते ना! 1988 च्या फेब्रुवारीत कॅलगरीला पुन्हा ऑलिंपिक सुवर्ण. सुवर्ण आणणाऱ्या माणसाला कोण हात लावणार? त्याच शरदात इगोर लारियोनोव्हने ‘ओगोन्योक’ या साप्ताहिकात तिखोनोव्ह यांना उद्देशून अनावृत पत्र छापलं. गोर्बाचोव्ह यांचा खुलेपणाचा काळ होता म्हणून ते छापून तरी आलं. ही हुकूमशाही आहे, आम्हाला माणसासारखं जगू द्या, असा त्याचा सूर. तेव्हा हॉकीच्या कारभाऱ्यांनी हे कान देऊन ऐकायला हवं होतं. तक्रार करणारा बाकावर बसलेला कुणी असंतुष्ट नव्हता, संघाचा मेंदू होता. त्यांनी मूग गिळले.

पुढच्या हिवाळ्यात फेतिसोव्हने उघडपणे तिखोनोव्ह यांच्या संघात खेळायला नकार दिला आणि तो बाहेर फेकला गेला. स्टॉकहोमची विश्वस्पर्धा तोंडावर आली तेव्हा सोबत्यांनी सांगितलं, तो नसेल तर आम्हीही नाही. त्याला घ्यावं लागलं. संघाने सुवर्ण जिंकलं, आणि स्पर्धा संपताच वीस वर्षांचा अलेक्झांडर मोगिल्नी स्टॉकहोमहून परस्पर अमेरिकेला निघून गेला. त्याच वर्षी फेतिसोव्ह, लारियोनोव्ह, माकारोव्ह आणि क्रुतोव्हही उत्तर अमेरिकेत व्यावसायिक खेळायला गेले. पदकांच्या यादीत हे कुठेच दिसत नाही. यादी म्हणते, 1989, सुवर्ण.

इथे कुणी म्हणेल, वाईट प्रशिक्षक होता म्हणा की सरळ. तसंही नाही. 1992 साली सोव्हिएत संघराज्य मोडलेलं, बडे खेळाडू परदेशी, हाताशी बहुतेक कोवळी पोरं, आणि तिखोनोव्ह यांनी आल्बर्व्हिलला कॅनडाला 3-1 असं हरवून ऑलिंपिक जिंकलं. खेळ शिकवावा तर त्यांनीच. म्हणूनच तर प्रश्न अवघड होता. नालायक माणसाला काढायला कसली आली अक्कल! 1988 साली त्यांच्याकडून निदान दोनपैकी एक खुर्ची काढून घ्यायची होती. क्लब एकाकडे, राष्ट्रीय संघ दुसऱ्याकडे. शिबिराचं दार उघडायचं, संध्याकाळी खेळाडूंना घरी जाऊ द्यायचं. एवढ्याने भागलंही असतं कदाचित. पण हॉकी संघाच्या त्या खुर्चीमागे अख्खं लष्कर उभं होतं, तिला हात घालणार कोण?

1993 ची विश्वस्पर्धा रशियाने जिंकली ती बोरिस मिखाइलोव्ह यांच्या हाताखाली. लेक प्लॅसिडला हरलेल्या संघाचे हेच कर्णधार. तरी पुढच्या वर्षी लिलेहामरच्या ऑलिंपिकला संघ पुन्हा तिखोनोव्ह यांच्याकडे दिला, आणि तो चौथा आला. त्यानंतर दहा वर्षांनी, 2004 च्या विश्वस्पर्धेला, हॉकीच्या कारभाऱ्यांना पुन्हा जुन्या सोन्याची आठवण झाली. त्र्याहत्तर वर्षांच्या तिखोनोव्ह यांना त्यांनी बोलावलं. रशिया दहावा आला.