'नकुशा' या नावाविषयी दोन शब्द



मूल दगावू नये, त्यास दृष्ट लागू नये, म्हणून आपल्याकडे दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत. 'नकुशा' हे नाव वरवर तसेच वाटते. परंतु त्याचा उगम निराळा. 'नकोशी'चे ते बोलीरूप. मुलीवर मुलगी झाली की पुढे तरी मुलगा व्हावा, म्हणून ते ठेवीत. तेथे माया होती. येथे नकार आहे.

सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आम्ही मात्र शिक्षक असताना हे नाव हजेरीपटावर लिहिले, रोज पुकारले. ती मान खाली घालून 'हजर' म्हणे. अर्थ ठाऊक असूनही तिच्या वडिलांस आम्ही कधी बोलावले नाही, ही खंत आहे.

बारशास आत्याबाई कानात सांगतात ते नाव मुलगी जन्मभर ऐकते. तेव्हा आधी अर्थ पाहावा, हीच विनंती.