बेंबीभोवतीची कळ

शाळेची रिक्षा दारात आली की पोर बेंबीवर हात ठेवून कळवळतं आणि तासाभराने अंगणात हुंदडतं. मग घरात दोन निदानं ठरलेली: एक तर बेंबी सरकली, नाहीतर नाटक करतंय. दोन्ही बहुधा चूक. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ साली सहकाऱ्यासह हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दहांतल्या एकाला असं वारंवार पोट दुखत होतं. अशा बहुतेक मुलांत तपासणीत काहीच सापडत नाही. दुखणं मात्र खरं असतं. आतड्यांचे मज्जातंतू हळवे झालेले असतात, त्यामुळे साधा गॅस किंवा परीक्षेचा ताणही कळ आणतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की मुलावर डाफरू नका. शाळा चालू ठेवा, शौचाला साफ होतं का तेवढं बघा. पोट चोळून बेंबी ‘बसवण्या’च्या फंदात तर पडूच नका, कारण अपेंडिक्सचं दुखणंही आधी बेंबीपाशीच असतं, मग उजवीकडे खाली उतरतं. झोपेतून उठवणारी कळ, हिरवी उलटी, शौचातून रक्त, ताप किंवा घटणारं वजन दिसलं, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.